चतुराची ओळख : युरोपातील ‘सामान्य डार्टर’

प्रास्ताविक

निसर्गनिरीक्षणाच्या तासाला मुलांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘गुरुजी, ह्याचं नाव काय?’ शिक्षकास नाव ठाऊक असले तर तो ते सांगतो, मुले पाटीवर लिहून घेतात आणि पाठ तेथेच संपतो. नाव ठाऊक नसले तर पुष्कळदा जवळपासचे एखादे नाव ठोकून दिले जाते. दोन्ही प्रसंगी मुलांनी कीटक पाहिलेला असतो, पण निरखलेला नसतो. नाव सांगणे आणि ओळख पटविणे ह्या भिन्न गोष्टी आहेत, आणि प्राथमिक शाळेत मुलांना लावावयाची सवय ही दुसऱ्या प्रकारची आहे.

ही सवय कशी लागते, हे समजण्यासाठी युरोपातील एका अतिपरिचित चतुराचे उदाहरण प्रस्तुत लेखात घेतले आहे. त्याचे इंग्रजी नाव ‘कॉमन डार्टर’, म्हणजे सामान्य डार्टर. तो आपल्या गावच्या तळ्यावर आढळत नाही. तरीही तो निवडण्यास सबळ कारण आहे. तो माणसाच्या वस्तीजवळ, वाटेवर, कुंपणावर सहज दिसणारा आहे. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या पाचसहा जाती त्याच प्रदेशात वावरतात. आणि त्याला इतरांपासून वेगळे कसे ओळखावे, ह्याचा विचार तेथील निरीक्षकांनी पावणेदोनशेहून अधिक वर्षे केलेला आहे. त्या विचारातून जी रीत सिद्ध झाली, ती आपल्याकडील चतुरांनाही जशीच्या तशी लागू पडते.

चतुर आणि टाचणी

चतुर व टाचणी हे एकाच गणातील कीटक होत. जगात ह्या गणाच्या सहा हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. युरोपात सुमारे १४० आणि भारतात सुमारे ५०० जाती आढळतात. सर्व कीटकांप्रमाणे ह्यांच्या शरीराचे डोके, वक्ष व उदर असे तीन भाग असतात; पाय सहा आणि पंख चार.

चतुर व टाचणी ह्यांतील भेद मुलांना लवकर उमगतो. चतुर अंगाने दणकट असतो, आणि बसल्यावर पंख दोन्ही बाजूंना पसरलेले ठेवतो. टाचणी नावाप्रमाणे बारीक असते, आणि बहुतेक टाचण्या बसल्यावर पंख पाठीवर मिटून घेतात. चतुराचे डोळे इतके मोठे असतात की बहुतेक जातींत ते माथ्यावर एकमेकांना भिडतात. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांस दूर असतात. शिवाय चतुराचा मागील पंख मुळाशी पुढील पंखापेक्षा रुंद असतो. टाचणीचे चारही पंख जवळजवळ सारखे असतात.

चतुर दंश करीत नाही. त्याला नांगीच नसते. मादीच्या उदराच्या टोकाशी जे दिसते ते अंडी घालण्याचे साधन असते, आणि नराच्या टोकाशी मादीला धरण्याचे चिमटे असतात. तरीही इंग्लंडात चतुराला ‘घोड्याला डसणारा’ अशा अर्थाचे जुने नाव आहे. घोड्याभोवती माश्या जमतात, त्या खाण्यास चतुर येतात, आणि माशीच्या दंशाचा दोष चतुरावर जातो, असा त्या नावामागील प्रकार असावा. हाही अपुऱ्या निरीक्षणाचाच एक दाखला म्हणावा लागेल.

नाव व प्रदेश

ह्या चतुराचे शास्त्रीय नाव ‘सिंपेट्रम स्ट्रायोलेटम’ असे आहे. जर्मन कीटकशास्त्रज्ञ शार्पांतिए ह्यांनी १८४० साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. स्ट्रायोलेटम ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘बारीक रेघांचा’ असा होतो. ‘डार्टर’ हे नाव त्याच्या वागण्यावरून पडले आहे. तो एखाद्या काडीवर किंवा दगडावर बसून राहतो, समोरून जाणारा लहान कीटक दिसताच एकदम झेप घेतो, आणि भक्ष्य मिळो वा न मिळो, बहुधा पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. मुलांना दाखविण्याच्या दृष्टीने ही सवय फार सोयीची आहे. उडून गेलेला चतुर थोडे थांबल्यास परत येतो.

पश्चिमेस आयर्लंड व ब्रिटनपासून पूर्वेस आशियाच्या बऱ्याच भागापर्यंत, आणि दक्षिणेस उत्तर आफ्रिकेपर्यंत त्याचा प्रसार आहे. तळी, सरोवरे, कालवे, चर, संथ वाहणाऱ्या नद्या, एवढेच नव्हे तर घरामागील बागेतील लहानसे कुंड, अशा सर्व ठिकाणी तो वाढतो. किंचित मचूळ पाणीही त्याला चालते. इंग्लंडात तो साधारणतः जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत दिसतो, आणि थंडी उशिरा पडली तर नोव्हेंबरातही आढळतो. इतर बहुतेक चतुर नाहीसे झाल्यावरही हा उन्हात उबदार दगडावर किंवा कुंपणाच्या फळीवर अंग शेकत बसलेला दिसतो.

बाह्य रूप

सामान्य डार्टर हा मध्यमाहून लहान आकाराचा चतुर आहे. त्याच्या शरीराची लांबी सुमारे चार सेंटिमीटर, आणि पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे सहा सेंटिमीटर असते. पूर्ण वाढलेल्या नराचे उदर नारिंगी झाक असलेले तांबडे असते. वक्षाचा वरचा भाग तपकिरी, आणि वक्षाच्या प्रत्येक बाजूस दोन रुंद पिवळे पट्टे असतात. मादीचे उदर मळकट पिवळे किंवा फिकट तपकिरी असते.

येथपर्यंतचे वर्णन वाचून ‘तांबडा तो नर आणि पिवळी ती मादी’ असे कोणीही म्हणेल, आणि येथेच पहिली चूक होईल. पाण्यातून नुकताच बाहेर पडलेला नरही फिकट पिवळाच असतो. तांबडा रंग त्याला पुढे काही दिवसांनी चढतो. उलट, वय झालेल्या माद्यांच्या उदरावर कधी कधी तांबूस छटा येते. म्हणजे रंगावरून वय व लिंग ह्यांविषयी अंदाज करता येतो, तोही सावधपणे. जात मात्र रंगावरून मुळीच ठरविता येत नाही, कारण त्याच तळ्यावर आणखी दोनतीन जातींचे नर तांबडे आणि माद्या पिवळ्या असतात.

ओळखीच्या खात्रीच्या खुणा

मग ओळखावे कशावरून? येथे निरीक्षकांनी दिलेले उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे : जी खूण वयाबरोबर व लिंगाबरोबर बदलत नाही, ती खूण शोधावी. सामान्य डार्टरच्या बाबतीत पुढील खुणा क्रमाने पाहाव्या लागतात.

१. पाय. पाय काळे असतात. परंतु त्यांच्या बाहेरील अंगाने लांबीभर एक पिवळसर बारीक रेघ असते. नर असो वा मादी, कोवळा असो वा जून, ही रेघ असतेच. दिसण्यास ती क्षुल्लक आहे. पण सर्व खुणांत हिचाच उपयोग अधिक होतो.

२. कपाळ. समोरून पाहिले असता दोन डोळ्यांच्या मध्ये कपाळावर एक आडवी काळी रेघ दिसते. सामान्य डार्टरमध्ये ही रेघ डोळ्यांच्या कडेशी येऊन थांबते. कडेने खाली उतरत नाही.

३. पंख. पंख स्वच्छ व पारदर्शक असतात. मुळाशी पिवळेपणा असलाच तर अगदी थोडा. पंखाच्या टोकाजवळ, पुढील कडेस, प्रत्येक चतुराला एक लहान लांबट ठिपका असतो. ह्या जातीत तो तपकिरी किंवा तांबूस तपकिरी असतो.

४. उदराचा आकार. वरून पाहिले असता उदर जवळजवळ सरळ कडांचे दिसते. मध्ये किंचित आवळलेले असते, पण गदेसारखे फुगीर टोक नसते.

५. रंग. हा सर्वांत शेवटी पाहावा, आणि वरील चार खुणांशी तो जुळतो की नाही एवढेच तपासावे.

हा क्रम मुद्दाम दिला आहे. माणसाची दृष्टी प्रथम रंगावर जाते, आणि एकदा रंगावरून मनाने निकाल दिला की बाकीच्या खुणा त्या निकालास जुळतील अशाच दिसू लागतात. म्हणून शिक्षकाने आधी पाय पाहण्यास सांगावे. रंगाचा विचार मागाहून करावा.

सारख्या दिसणाऱ्या जाती

आता ह्या खुणांचा उपयोग कसा होतो ते पाहू. ‘रडी डार्टर’ ही जाती युरोपात पुष्कळ ठिकाणी सामान्य डार्टरच्या शेजारीच नांदते. तिचा नर रक्तासारखा गडद तांबडा असतो. पण नुसत्या गडदपणावर विसंबण्याचे कारण नाही. तिचे पाय संपूर्ण काळे असतात, त्यांवर पिवळी रेघ नसते. शिवाय नराचे उदर मध्ये आवळलेले व टोकाकडे फुगीर असते. एका पायाच्या रेघेने येथे निवाडा होतो.

‘व्हेग्रंट डार्टर’ ही मध्य व पूर्व युरोपातील जाती. येथे पायाची रेघ कामास येत नाही, कारण हिच्या पायांवरही पिवळी रेघ असते. अशा वेळी दुसऱ्या खुणेकडे वळावे लागते. हिच्या कपाळावरील काळी रेघ डोळ्यांच्या कडेने खाली उतरते, त्यामुळे समोरून पाहिल्यास झुकलेल्या मिशा असाव्यात असा भास होतो. मादीच्या उदराखालील, टोकाजवळचे खवल्यासारखे साधन उदराशी जवळजवळ काटकोनात उभे राहते. सामान्य डार्टरच्या मादीत ते तितके उभे नसते.

ह्या जातीच्या नावात एक बोध आहे. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनियस ह्यांनी १७५८ साली तिला ‘व्हल्गेटम’ हे नाव दिले. त्याचाही अर्थ ‘सामान्य’, ‘सर्वत्र आढळणारा’ असाच आहे. परंतु ब्रिटनमध्ये ही जाती क्वचितच, पाहुणी म्हणून येते, आणि तेथे ‘सामान्य’ हे विशेषण दुसऱ्याच चतुराला मिळाले आहे. ‘सामान्य’ हे नाव एका देशात खरे असते, दुसऱ्यात नसते. म्हणून नावाच्या अर्थावरून ओळख ठरवू नये.

‘रेड-व्हेन्ड डार्टर’ हिच्या पायांवरही पिवळी रेघ असते. परंतु नराच्या पंखांच्या पुढील भागातील शिरा तांबड्या असतात, पंखाच्या टोकाजवळचा ठिपका फिकट पिवळा असून त्याला ठळक काळी किनार असते, आणि डोळ्याचा खालचा अर्धा भाग निळसर राखाडी असतो. ‘यलो-विंग्ड डार्टर’च्या पंखांच्या मुळाशी मोठे पिवळे डाग असतात, ते उडतानाही नजरेस येतात. ‘ब्लॅक डार्टर’चे पाय काळे आणि पूर्ण वाढलेला नरही जवळजवळ काळाच.

शेवटी ‘स्कार्लेट’ चतुराचा उल्लेख करावा लागतो. हा डार्टरांच्या प्रजातीतील नव्हे, पण भडक तांबड्या रंगामुळे घोटाळा होतो. त्याचे उदर रुंद व चपटे असते, मागील पंखाच्या मुळाशी केशरी डाग असतो, आणि नराचे पायही तांबडे असतात. काळ्या पायावर पिवळी रेघ, ही डार्टरची खूण त्याच्यापाशी नसते.

ह्या सर्वांचे सार असे की, एकच खूण नेहमी पुरी पडत नाही. पायाची रेघ एका जातीला बाजूस काढते, कपाळाची रेघ दुसरीला, पंखांच्या शिरा तिसरीला. निरीक्षक एकेक जात वगळत जातो, आणि शेवटी जी उरते तिचे नाव घेतो. अंकगणितातील ताळा पाहण्यासारखीच ही रीत आहे.

शास्त्रज्ञांनाही पुन्हा पाहावे लागले

स्कॉटलंडचा वायव्य भाग व आयर्लंडचा काही भाग येथे सामान्य डार्टरसारखाच, परंतु अधिक काळसर असा चतुर आढळतो. त्याच्या वक्षाच्या बाजूंवर काळा रंग जास्त पसरलेला असतो, आणि पायांवरील पिवळी रेघ अरुंद असते. १९१२ साली ल्यूकस ह्या इंग्रज अभ्यासकाने त्याला ‘नायग्रेसेन्स’, म्हणजे ‘काळसर होत जाणारा’, असे नाव दिले. पुढे पुष्कळ वर्षे पुस्तकांतून तो स्वतंत्र जाती म्हणून वावरला.

परंतु जसजसे अधिक नमुने पाहण्यात आले, तसतसे काळसर आणि नेहमीच्या रूपांच्या मधले, थोडे काळे व थोडे पिवळे, असे चतुर सापडू लागले. दोन गटांमधली सीमा नेमकी कोठे ओढावी, हे कोणास सांगता येईना. अलीकडे आनुवंशिक द्रव्याची तुलना झाली, तेव्हाही वेगळी जाती मानण्यास आधार मिळाला नाही. आता त्याला सामान्य डार्टरचेच एक गडद रूप मानले जाते.

ह्यात ल्यूकस ह्यांचे निरीक्षण खोटे ठरले नाही. तो चतुर काळसर होता, आणि त्यांनी तसे लिहून ठेवले होते. बदलला तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. शिक्षकाने हा फरक मुलांच्या ध्यानी आणून द्यावा. ‘काय दिसले’ आणि ‘त्यावरून काय वाटले’ ह्या दोन गोष्टी वहीत वेगळ्या लिहिलेल्या असल्या, तर पुढे मत बदलले तरी पाहिलेले वाया जात नाही.

जीवनक्रम

चतुराच्या आयुष्याचा मोठा भाग पाण्यात जातो. नर मादीला उदराच्या टोकावरील चिमट्यांनी मानेशी धरतो, आणि मीलनानंतरही ही जोडी जुळलेलीच राहून पाण्यावर उडते. मादी उदराचे टोक पाण्याला पुनःपुन्हा टेकविते, आणि प्रत्येक वेळी काही अंडी पाण्यात सोडते. नर तिला वर-खाली हेलकावे देत असतो. ही क्रिया काठावरून स्पष्ट दिसते. काही वेळाने नर तिला सोडून देतो. मग ती एकटीही अंडी घालीत राहते.

लवकर घातलेली अंडी काही आठवड्यांत उबतात. उशिरा, थंडीच्या तोंडावर घातलेली अंडी हिवाळाभर तशीच राहून वसंतात उबतात. अंड्यातून निघणारी अळी सुरवंटासारखी नसते. तिला सहा पाय व मोठे डोळे असतात. तिचा खालचा ओठ लांब असून घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. भक्ष्य टप्प्यात येताच तो क्षणार्धात पुढे फेकून ती ते पकडते. पाण्यातील लहान कवचधारी जीव व इतर कीटकांच्या अळ्या हे तिचे खाद्य होय. त्यांत डासांच्या अळ्याही येतात. गुदमार्गातील कल्ल्यांनी ती श्वसन करते, आणि संकटसमयी तेथील पाणी जोराने मागे फेकून स्वतः पुढे सटकते.

ही अळी अनेकदा कात टाकीत वाढते. उन्हाळ्यात, बहुधा सकाळच्या वेळी, ती पाण्यातील एखाद्या देठावर चढते. तेथे शेवटची कात पाठीवर उकलते आणि आतून चतुर बाहेर येतो. कोषाची अवस्था त्याला नाही. प्रथम त्याचे अंग मऊ, पंख चकचकीत व उड्डाण दुबळे असते. तो पाण्यापासून दूर जाऊन काही दिवस किडे खात पक्व होतो, आणि नंतरच पाण्यावर परत येतो. अंड्यापासून अंड्यापर्यंतचे हे चक्र साधारणतः एका वर्षाचे असते.

हवामानाप्रमाणे हा क्रम बदलतो. ईशान्य अल्जीरियात उन्हाळ्यात सखल भागातील पाणथळ जागा आटतात. तेथे हा चतुर पाण्यातून बाहेर पडल्यावर उंच डोंगराळ भागात जातो, कडक उन्हाळा तेथे काढतो, आणि शरद ऋतूत खाली येऊन प्रजनन करतो. इंग्लंडात एका तळ्याभोवती आयुष्य काढणारी जात तेथे ऋतूप्रमाणे स्थलांतर करते.

नोंदीचे मोल

चतुरांविषयीचे ज्ञान केवळ प्रयोगशाळेत तयार झालेले नाही. आयर्लंडमधील एका घराण्यात वाढलेल्या सिंथिया लाँगफील्ड ह्या विदुषींनी १९३७ साली ब्रिटिश बेटांतील चतुरांवर सामान्य वाचकास वापरता येईल असे पुस्तक लिहिले, आणि त्यामुळे अनेकांना चतुर ओळखण्याची गोडी लागली. १९८३ साली ‘ब्रिटिश ड्रॅगनफ्लाय सोसायटी’ स्थापन झाली. २०१४ साली ब्रिटन व आयर्लंडमधील चतुरांचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्याच्या पायाशी दहा लाखांहून अधिक नोंदी होत्या, आणि त्यांतील फार मोठा वाटा हौशी निरीक्षकांचा होता. प्रत्येक नोंदीत गोष्टी थोड्याच : कोणता चतुर, कोठे, कोणत्या दिवशी, आणि कोणी पाहिला.

अशा नोंदींतून काय हाती लागते, ह्याचे एक उदाहरण पुरेसे आहे. पूर्वी दक्षिण युरोपापुरता मानला जाणारा स्कार्लेट चतुर हवामान उष्ण होत गेले तसा उत्तरेकडे सरकत गेला, आणि १९९५ साली ब्रिटनमध्ये प्रथमच नोंदविला गेला. ही नोंद विश्वासार्ह ठरण्यास नेहमीच्या तांबड्या चतुरांची पक्की ओळख आवश्यक होती. ‘तांबडा चतुर म्हणजे डार्टर’ एवढ्यावरच ज्याचे ज्ञान थांबले, त्याच्यासमोर नवखा चतुर येऊन बसला तरी तो त्याची नोंद डार्टर म्हणूनच करील. जो सामान्याला बारकाईने ओळखतो, त्यालाच वेगळा ओळखू येतो. आणि चुकीच्या नावाची नोंद ही कोऱ्या पानापेक्षा अधिक घातक असते. कारण पुढील वाचक ती खरी मानून चालतो.

आपल्या शाळेत उपयोग

भारतातील चतुरांचा पाया घालणारे ग्रंथ फ्रेझर ह्या लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टरांनी १९३३, १९३४ व १९३६ साली तीन भागांत लिहिले. वर उल्लेखिलेली रेड-व्हेन्ड डार्टर ही जाती आपल्या देशातही, उदाहरणार्थ नीलगिरीच्या उंच भागात, आढळते. स्कार्लेट चतुराचा जवळचा भाऊबंद तर महाराष्ट्रातील तळी, ओढे व भातखाचरे येथे सर्रास दिसतो. त्याचे शास्त्रीय नाव ‘क्रॉकोथेमिस सर्व्हिलिया’. त्याचा नर भडक तांबडा, मादी व कोवळा नर पिवळसर. मुले नर व मादी ह्यांना दोन वेगळे चतुर समजतात, आणि इतर तांबड्या चतुरांना मात्र एकाच नावाखाली घालतात. येथेही न बदलणारी खूण शोधावी : उदराच्या पाठीवरून मधोमध जाणारी बारीक काळी रेघ बहुधा नरात व मादीत दोहोंत दिसते. युरोपातील मुलाने पायाची रेघ शोधावी आणि येथील मुलाने पाठीची, इतकाच फरक.

हा पाठ घेताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१. चतुर पकडू नये. चतुराला दोरा बांधून उडविण्याचा खेळ खेड्यांत पुष्कळ चालतो. त्यात त्याचे उदर तुटते, पाय मोडतात व तो मरतो. ज्याचे पाय निरखावयाचे, त्याचे पाय मोडून चालणार नाही, हे मुलांना समजावून सांगितले की पटते.

२. विहीर, तळे किंवा नदी ह्यांच्या अगदी काठावर मुलांना नेऊ नये. चतुर कुंपणावर, काट्यावर, वाळक्या काडीवरही बसतात, तेथेच पाहावे. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये, आणि पुढे जाताना एकदम हात हलवू नये.

३. प्रथम नाव सांगू नये. पाय कसे आहेत, पंखाच्या मुळाशी रंग आहे का, उदर सरळ आहे की फुगीर, पाठीवर रेघ आहे का, असे प्रश्न एकेक करून विचारावेत. उत्तरे मुलांनी पाटीवर चित्र काढून द्यावीत; चित्र काढताना न पाहिलेले आपोआप ध्यानात येते.

४. वर्गाची एक नोंदवही ठेवावी. तीत चार रकाने पुरेत : दिवस, जागा, काय दिसले, कशावरून ओळखले. चौथा रकाना रिकामा असेल तर नाव लिहू नये.

५. ओळख पटली नाही, तर तसे स्पष्ट लिहावे. ‘ओळख पटली नाही, पाय काळे, पाठीवर रेघ दिसली नाही’ ही नोंद पूर्ण व उपयुक्त आहे. शिक्षकाने स्वतः फळ्यावर अशी नोंद एकदा केली, म्हणजे मुलांनाही अंदाजाने नाव ठोकण्याची गरज वाटत नाही.

समारोप

सामान्य डार्टरला ओळखण्यास दुर्बीण लागत नाही, आणि पदवीही लागत नाही. पायावरील पिवळी रेघ आहे की नाही, एवढे आधी पाहण्याचा संयम लागतो. हा संयम ज्या मुलाने चतुराच्या बाबतीत शिकला, तो पिकावरील कीड पाहताना, बाजारात वजनकाटा पाहताना आणि ऐकीव बातमी तपासतानाही आधी न बदलणारी खूण शोधील. ‘ह्याचं नाव काय?’ हा प्रश्न वर्गात पुन्हा येईल, तेव्हा शिक्षकाने प्रथम एवढेच विचारावे : ‘पाय पाहिलेस का?’